धारेची घोडी

महिपतीनं धार लावून दिलेली पटाशी येडूनं परत आणली आणि त्याच्या पुढ्यातल्या पाण्याच्या डब्याशेजारी ठेवली. आपटली नाही, हळूच ठेवली. महिपतीला तेच जास्त लागलं.

“मामा, जरा बगा की हिच्याकडं,” येडू म्हणाला. “लाकूड कापंनाच. नुसती वरबडतीय.”

“ठेव. बगतो.”

येडू आपल्या लेथकडं निघून गेला. महिपतीनं पटाशी उचलून उजेडात धरली. गोल पटाशीच्या तोंडावरचा उतार कसा एकसंध दिसायला हवा. इथं तीन ठिकाणी पैलू पडले होते आणि डाव्या टोकाला पोलाद निळं झालं होतं. चाकावर एकाच जागी जास्त टेकलं की असं होतं. ते नव्या माणसाच्या हातून होतं.

शहरातल्या सात रस्त्याच्या मागच्या बोळात बसलिंगप्पाचा हा कारखाना. वर पत्रे, खाली फरशी, आणि एकाच मोटरच्या पट्ट्यांवर फिरणारे सहा लेथ. मागाच्या बॉबिनी, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, जे जे लाकडातून गोल कातून निघतं ते तिथं व्हायचं. सहा कातारी लाकूड कातायचे आणि सातवा महिपती त्यांच्या पटाश्यांना धार लावायचा. कोपऱ्यात एमरीचं चाक, त्याच्यापुढं बसायला उलटं घातलेलं खोकं. बावीस वर्षं तो त्या खोक्यावर बसत होता. पटाशी चाकाला टेकली की आवाजावरून त्याला कळायचं, उतार टाचेला घासतोय का टोकाला. नवा कातारी आला की बसलिंगप्पा पहिल्याच दिवशी बजावायचा, “लेथला हात लाव, लाकडाला हात लाव. महिपतीच्या चाकाला तेवढा लावायचा न्हाय.”

हात बिघडला तो गेल्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचा एवढंच. बहात्तर सालच्या मिरगानं एक शिंतोडा टाकला नाही. मागवाल्यांचे माग थांबले, बॉबिनीला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि बसलिंगप्पानं चार महिने कारखान्याला कुलूप घातलं. महिपती बायकोबरोबर वळसंगच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला गेला. चार महिने त्यानं घणानं दगड फोडले. दसऱ्यानंतर कारखाना उघडला तेव्हा तो आनंदानं येऊन खोक्यावर बसला, पटाशी हातात घेतली, आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. चिमटीत जोंधळ्याचा दाणा धरून चोळत बसावं तशी. हात रिकामा असला तर जास्तच.

तो हात मांडीखाली दाबून बसायला शिकला. चहा डाव्या हातानं घ्यायला शिकला. पण धार डाव्या हातानं लावता येत नव्हती.

येडूची पटाशी त्यानं पुन्हा चाकाला लावली. ठिणग्या उडाल्या. ह्या खेपेला चौथा पैलू पडला.

*

कुंभारी गावात घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. त्याची बायको मुक्ताबाई दुष्काळी कामाच्या दगडावरून नुकतीच आली होती. तिच्या केसांवर, भुवयांवर खडीची पांढरी भुकटी होती. ती तशीच चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. महिपतीची आई केराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला आता माणसाची सावली तेवढी दिसायची.

महिपतीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. तोंडापर्यंत नेताना तो हातातून सुटून परत ताटलीत पडला. कालवण मांडीवर उडालं.

मुक्ताबाईनं पाहिलं. तिनं थापायचं थांबवलं नाही.

“किती दिस झालं?” तिनं विचारलं.

“कशाला?”

“हाताला.”

“कारखाना उगडल्यापासनं.”

“डाक्टरला दावला?”

“दावला की. गोळ्या दिल्या. म्हनला, हिच्यावर औषध म्हनून न्हाय. वाडत जाईल.”

“बसलिंगप्पा अण्णाला म्हाईत हाय?”

“न्हाय. अजून न्हाय.”

केराबाईनं भिंतीजवळून विचारलं, “काय म्हाईत न्हाय?”

“काय न्हाय, आई. जेव तू.”

त्या रात्रीनंतर तीन दिवस महिपती कारखान्यात एकच गोष्ट न्याहाळत होता. पटाशी नुसती हातात धरली की हलायची. पण तिच्या मुठीचं बूड पोटाला किंवा मांडीला रोवलं, की हात हलला तरी पटाशीचं तोंड फारसं हलत नव्हतं. फक्त मांडी काही एका जागी राहत नव्हती. मग मांडीच्या जागी लाकूड असलं तर? बूड बसायला खोबण असली, खोबण चाकापासून ठरल्या अंतरावर पक्की असली, तर वरच्या हाताला धरायचं काही उरतच नव्हतं. पटाशी ह्या कुशीवरून त्या कुशीवर लोळवायची, बास.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो परड्यात गेला. तिथं बापाच्या वेळची दगडी साण होती. दोन खुंटांवर बसवलेलं वीतभर जाड चाक, वादीनं ओढून फिरवायचं. गावातले विळे-कोयते कधीकाळी तिच्यावर लागायचे. त्यानं साण झाडून साफ केली. मग सपरात आडवी टाकलेली तिफण ओढून बाहेर काढली आणि तिच्या दांडीवर करवत ठेवली.

करवतीचा आवाज ऐकून केराबाई चाचपडत दारात आली.

“काय कापतुयास रं?”

“लाकूड.”

“कंचं?”

केराबाई पायऱ्या उतरली, वाकली, हातानं चाचपत तिफणीपर्यंत आली. फणांवरून, नळ्यांवरून तिचा हात फिरला आणि कापलेल्या जागी येऊन थांबला.

“तिफण मोडतुयास व्हय?” ती म्हणाली. “उद्या पाऊस आला तर हातानं पेरशील?”

“आई, जुनी बाभळ हाय ही. असलं वाळल्यालं लाकूड मला दुसरीकडं मिळायचं न्हाय.”

“तुज्या बाऽनं केल्याली हाय ती.”

“म्हाईत हाय मला.”

ती तिथंच मातीत बसली. तो कापत राहिला. उजव्या हातानं करवत सरळ चालेना म्हणून त्यानं ती डाव्या हातात घेतली.

पटाशी टेकवायची पहिली घोडी त्यानं ओंडक्यातच खोबण पाडून केली. एका पटाशीला ती जमली, दुसरीला जमली नाही. पटाशा कमी-जास्त लांबीच्या होत्या. आखूड पटाशी खोबणीत बसवली की चाकापर्यंत पोचायची नाही, लांब बसवली की तोंड वर चढायचं. ती घोडी मुक्ताबाईनं चुलीत घातली.

दुसरी करायला तीन सुट्ट्या गेल्या. खाली जाड फळी, फळीला लोहाराकडून करून घेतलेली चौकोनी कडी, कडीतून मागं-पुढं सरकणारी तिफणीची दांडी, आणि तिच्या टोकाला उभ्या ठोकळ्यात कोरलेली खोबण. दांडी हव्या त्या जागी सरकवायची आणि कडीत पाचर ठोकायची. एवढं सोपं होतं ते. पण खोबण कोरायला बसला तेव्हा डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात मोगरी, अशी वेळ आली. पहिला ठोका बरोबर बसला. दुसरा डाव्या अंगठ्यावर बसला. नख फाटलं. त्यानं बोट तोंडात घातलं आणि डोळे मिटून घेतले.

मुक्ताबाई भांडी घासत होती. ती राखेचे हात पदराला पुसत आली आणि तिनं मोगरी उचलली.

“तुमी पटाशी धरा. मी हानते.”

“हात मोडशील माजा.”

“सा म्हैने घण हानतीय मी. सरकारचा एक दगूड चुकला न्हाय.”

तिनं हाणलं. बेताचं, एकाच जोराचं, एकेक ठोका. खोबण नीट उतरली. बूड घसरू नये म्हणून आत त्यानं जुन्या वहाणेचं चामडं बसवलं.

मग अडलं ते अंतरावर. पाचर नेमकी कुठं ठोकायची? पूर्वी त्याला हे पाहावं लागत नव्हतं, आवाज ऐकून हात आपोआप वर-खाली व्हायचा. आता हात मध्ये नव्हताच. तो दांडी बोटभर पुढं घ्यायचा, मुक्ताबाई वादी ओढायची, साण फिरायची, आणि पटाशीचा उतार भलतीकडंच घासून निघायचा. दोन पटाशा वाया गेल्या. तो चिडून मागं बसला.

“दगूड कुटं लागतुय ते दिसाया तर नगं का?” मुक्ताबाई म्हणाली.

“दिसतंय कुटं? पोलादाला पोलाद.”

ती उठून घरात गेली आणि तवा घेऊन आली. तव्याच्या बुडाची काजळी तिनं बोटावर घेतली आणि पटाशीच्या उतारावर फासली. सगळा उतार काळा झाला.

“आता वडत न्हाय. हातानं जराशी फिरवते. टेकवा.”

त्यानं टेकवली. तिनं साण अर्धा वेढा फिरवली. पटाशी उचलून बघितली तर काजळी टाचेकडं तेवढी खरवडली होती. टोक काळंच होतं.

महिपती पटाशीकडं बघत राहिला. त्यानं दांडी दोन सूत मागं घेतली. पुन्हा काजळी. आता टोक खरवडलं, टाच काळी राहिली. दांडी एक सूत पुढं. ह्या वेळी उतार वरपासून खालपर्यंत एकसारखा पांढरा झाला. त्यानं पाचर ठोकली आणि दांडीवर खिळ्यानं खूण केली.

“आता तू धर,” तो म्हणाला. “मी वडतो.”

“मी?”

“बूड खोबणीत ठिव. दाबू नगंस. नुसती लोळव, ह्या अंगावनं त्या अंगावर. लाटणं लोळवतीस तसं.”

तिनं लोळवली. साण खसखस वाजत राहिली. त्यानं वादी थांबवली, पटाशी घेतली आणि धार मनगटाच्या केसांवरून फिरवली. केस उडाले. बावीस वर्षांत त्यानं लावलेल्या धारेपेक्षा ती कुठं कमी नव्हती.

“आली?” तिनं विचारलं.

“आली.”

ती हसली. भुकटीनं तिचे ओठ उलले होते. हसताना खालच्या ओठाला रक्त आलं.

*

कारखान्यातल्या चाकापुढं घोडी बसवली तेव्हा सगळे कातारी बघायला जमले. बसलिंगप्पाही उठून आला. हातात पानाची डबी होती.

“येन रे इदु? काय हाय हे?”

“घोडी हाय, अण्णा. हिच्यावर लावली की समद्यांच्या पटाशा एकसारक्या व्हत्यात. ह्याची येगळी, त्याची येगळी, असं ऱ्हात न्हाय.”

“तुझ्या हाताला काय झालं एकसारकी लावायला?”

“हाताला काय व्हयाचं? हात बरा हाय. काम भरभर उरकंल म्हनून केली.”

बसलिंगप्पानं मान हलवली. पान खाल्लं आणि गेला.

घोडीनं काम चोख केलं. येडूनं पटाशी परत आणली नाही. उलट दोन-तीन जणांनी येऊन सांगितलं, “मामा, लई झ्याक लागली ह्या खेपेला.” महिपती उजव्या हातानं पटाशी नुसती लोळवायचा. अंगठा थरथरायचा, पण खोबण थरथरत नव्हती. पौषातली थंडी सरली. बाहेर दुष्काळ वाढतच होता. सात रस्त्यावर खेड्यांतून आलेल्या माणसांची गाठोडी दिसायला लागली. पण महिपतीला त्या दोन महिन्यांत झोप बरी लागली.

मग एक दिवस येडूच्या लेथवरचा पाळण्याचा खांब फुटला. लाकूड फिरता फिरता पटाशीत अडकलं, मोठा आवाज झाला, आणि एक ढलपा उडून येडूच्या गालात घुसला. सगळे लेथ थांबले. येडू गाल धरून खाली बसला. रक्त बोटांतून येत होतं.

“धार चुकली,” तो ओरडला. “मामानं धार चुकवली!”

बसलिंगप्पा धावत आला. महिपतीनं फुटलेलं लाकूड उचललं, फिरवून बघितलं.

“गाठ हाय की रं हितं. गाठीत अडकली पटाशी. ही बगा, अण्णा.”

“गाठ रोजच असतीया. रोज फुटतंय का?” येडू म्हणाला. “त्या घोडीचंच काय तरी बिनसलंय.”

सगळे महिपतीकडं बघत होते. हात मांडीखाली घालायला तो बसलेला नव्हता.

“घोडी चुकत न्हाय!” तो मोठ्यानं म्हणाला. “अरं, जन्मात पटाशी न धरलेल्या माज्या बायकोनं लावली हिच्यावर धार. केस उडीवली तिनं. अन् मला सांगतुयास चुकली म्हनून?”

कुणीतरी हसलं. मग दुसराही हसला. बसलिंगप्पा हसला नाही. तो महिपतीच्या उजव्या हाताकडं बघत होता. खांब धरलेल्या मुठीतून लाकडाचा शेंडा बारीक बारीक हलत होता.

आठ दिवसांनी त्यानं महिपतीला बसायच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. बशीत कप होता. महिपतीनं डाव्या हातानं घेतला.

“उजव्यानं घे,” बसलिंगप्पा म्हणाला.

महिपतीनं कपबशी उजव्या हातात घेतली. बशी वाजायला लागली. वाजतच राहिली. बसलिंगप्पानं पुढं होऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“ठेव. साकु. पुरे झालं.” थोडा वेळ त्यानं डबीशी चाळा केला. “मी वाईट मानूस न्हाय, महिपती. बावीस वर्षं तू हितं हायस. पन बाजार बग. माग बंद, बॉबिन कोन घेत न्हाय. चाकापुढं नुसतं लोळवायला पुऱ्या पगाराचा गडी मी कुटनं ठेवू?”

“अण्णा, ते नुसतं लोळवनं न्हवं.”

“तूच म्हनलास की, समद्यांच्या म्होरं. बायकोनं लावली म्हनून.”

महिपतीनं उजवा हात मांडीखाली सारला.

“तिलाच पाठवून दे. निम्मा पगार देतो. बाईमानसाला तेवढा लई झाला. तुझ्या घरातलं घरातच ऱ्हातंय. दुसऱ्या कुनाला बोलवत न्हाय मी, तेवढं मानतो तुला.”

“आन् नगं म्हनलो तर?”

“तर लोखंडाची घोडी करायला टाकलीच हाय. तीवर कोन पन बसंल.”

महिपती उठला. चाकापाशी गेला, कडीतली पाचर उपटली, फळीचे खिळे उचकटले. कुणी त्याला अडवलं नाही. येडूच्या गालावर अजून पट्टी होती. तो लेथ बंद करून जवळ आला आणि घोडी सायकलच्या कॅरेजला बांधू लागला. महिपतीला गाठ मारता येत नव्हती.

“मामा, मी त्या दिशी रागात बोललो,” येडू म्हणाला.

“आवळ गाठ. सैल ऱ्हायली.”

*

घरी त्यानं सगळं सांगितलं. मुक्ताबाई दगडावरून येऊन पाय धूत होती. पाय धुऊन झाले तरी ती तशीच न्हाणीच्या दगडावर उभी राहिली.

“मला बोलीवलंय?”

“व्हय.”

“चाकाम्होरं बसायला?”

“तेच सांगतुय की कवाधरनं.”

केराबाई म्हणाली, “बायामानसानं कातार्‍यात जाऊन बसायचं? आपल्यात असलं कवा झालंय? सांग त्येला, येत न्हाय म्हनावं.”

मुक्ताबाईनं सासूकडं बघितलं नाही. नवऱ्याकडंही बघितलं नाही. ती आपल्या तळव्यांकडं बघत होती. घणाच्या दांड्यानं त्यांवर फोड येऊन फुटून जाड काळी कातडी धरली होती.

“तितं सावली असती न्हवं?” तिनं विचारलं.

महिपतीला पहिल्यांदा समजलंच नाही.

“पत्रं हायती की,” तो म्हणाला.

“आन् प्यायला पानी?”

“नळ हाय.”

“मंग जाते मी,” ती म्हणाली. घाईघाईनं म्हणाली. म्हणून झाल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला.

महिपती बाहेर परड्यात जाऊन उभा राहिला. तिला वाईट वाटेल, ती नको म्हणेल, मग आपण तिला समजावू, असं तो वाटभर मनाशी जुळवत आला होता. ती नको म्हणाली नव्हती.

पहिल्या दिवशी त्यानंच तिला सायकलवर नेलं. ती कॅरेजवर एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर घोडी आडवी धरली होती. लोखंडी घोडी हलते, येडूनं निरोप धाडला होता. आपलीच घेऊन या. अक्कलकोट रस्त्याला दोन्ही बाजूंनी उघडी रानं होती. वारा समोरचा होता आणि धूळ तोंडावर येत होती. सात रस्ता दिसायला लागला तसा तो एका पानाच्या टपरीशी उतरला.

“हितनं सरळ जा. लाकडाची वखार लागली की डावीकडं बोळ.”

“तुमी?”

“मला काम हाय.”

घोडी खांद्यावर घेऊन ती निघाली. पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, चालताना खांदा एका बाजूला कललेला. वखारीशी ती थांबली, वळून तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं हात वर केला नाही. सायकल वळवून तो तसाच वळसंगच्या बाजूला, दगडावर गेला.

मुकादमानं त्याला घण दिला. दुपारपर्यंत त्याचा ढीग गुडघ्याएवढाही झाला नाही. घण दगडावर पडायचा, पण जिथं पडायला हवा तिथं पडत नव्हता. मुकादम येऊन ढिगाकडं बघून गेला आणि परत आला.

“मुक्ताबाईचा ढीग डोक्याएवढा व्हायचा,” तो म्हणाला. “तू असं कर, पाट्या उचल. त्या बायांच्या लाइनीत जा.”

तो बायांच्या रांगेत गेला. एक म्हातारी त्याच्या डोक्यावर पाटी ठेवताना म्हणाली, “चुंबळ न्हाय आनली? टाळकं फुटंल की.” तिनं आपल्या फाटक्या धडप्याची चुंबळ करून त्याला दिली.

*

मुक्ताबाई एस.टी.नं जायला-यायला लागली. संध्याकाळी तिच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. तो वास बावीस वर्षं महिपतीच्या अंगाला होता. आता त्याच्या केसांवर खडीची भुकटी असायची. जेवताना ती थोडं थोडं सांगायची. येडू पाणी आणून देतो. अण्णा बाई म्हणून हाक मारतो, नाव घेत नाही. पहिल्यांदा सगळे हसले, आता हसत नाहीत. महिपती ऐकायचा. ऐकून झालं की ताटली सरकवायचा.

एक दिवस तिनं विचारलं, “तिरकी पटाशी घोडीत बसंना. ती कशी लावायची?”

तिरक्या पटाशीचं तोंड तिरपं, दोन्ही अंगांनी उतार. ती लोळवून चालत नाही. घोडी होती तरी महिपती ती हातानंच लावायचा, बूड पोटाला रोवून, श्वास धरून. कातार्‍यांचं सगळ्यात नाजूक काम तिच्यावर होतं.

“तिला लई वर्षं लागत्यात,” तो म्हणाला.

“तरी पन.”

“सांगून येत न्हाय ते.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला ठाऊक होतं की तिच्याकडं तिरक्या पटाशा साठत असणार, बसलिंगप्पा तिला बोलत असणार. तो कूस बदलून पडून राहायचा. सांगावं असं त्याला वाटायचं नाही, आणि न सांगितल्याचं बरंही वाटायचं नाही.

चौथ्या दिवशी ती आली तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. चिंधी रक्तानं कडक झाली होती. भाकऱ्या तिनं डाव्या हातानं थापल्या. त्या वेड्यावाकड्या झाल्या.

केराबाई भाकरी हातानं चाचपत म्हणाली, “आज भाकरी अशी का गं?”

“पीठ वलं झालं,” मुक्ताबाई म्हणाली.

महिपतीनं तिचा हात धरला. चिंधी सोडली. अंगठ्याचा अर्धा पेर चाकानं घासून नेला होता. नखाची एक बाजू गेली होती, आत पांढरं दिसत होतं.

“तिरकी?”

“व्हय.”

“कुनी सांगितलं हातानं लावायला?”

“कुनी न्हाय. अण्णा म्हनला, उद्या सुट्टी हाय, तिरकी लावाया येत नसंल तर परवापासनं येऊ नगंस.” ती थांबली. “मला दगडावर न्हाय जायाचं आता.”

ती एवढंच म्हणाली. त्याला दोष दिला नाही.

सुट्टीच्या सकाळी तो परड्यात जाऊन बसला. साणेवर पाणी मारलं. घरात एक जुनी तिरकी पटाशी होती, ती शोधून काढली. मुक्ताबाई वाळलेलं जळण गोळा करत होती. त्यानं तिला हाक मारली.

“ये. बस हितं.”

वादी ओढायला त्यानं केराबाईला बसवलं. वादीची दोन्ही टोकं हाताला गुंडाळून ती साणेकडं तोंड करून बसली. मुक्ताबाईनं पटाशी घेतली. महिपती तिच्या पाठीमागं बसला, दोन्ही बाजूंनी हात पुढं घेतले आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवले.

“बूड पोटाला लाव. आसं. आता मी न्हेतो तशी यीऊ दे. वड, आई.”

साण फिरली. त्यानं पटाशी टेकवली. दगड खर्रर्र वाजला, अडखळला, पुन्हा वाजला. त्याचा अंगठा तिच्या चिंधीवर होता आणि तो थरथरत होता, आणि ती थरथर तिच्या हातातून पटाशीच्या टोकापर्यंत जात होती. त्यानं घट्ट धरलं. घट्ट धरल्यावर ती वाढली. तिच्या अंगठ्यातून ताजं रक्त चिंधीला आलं.

“थांबा, आत्या,” मुक्ताबाई म्हणाली.

वादी थांबली. तिनं मान वळवली नाही.

“तुमी हात काडा,” ती हळू म्हणाली. “तोंडानं सांगा.”

महिपतीनं हात काढले. तिच्या पाठीमागून उठून तो समोर आला, साणेपलीकडं मातीत बसला. उजवा हात मांडीवर पडला होता, तो त्यानं झाकला नाही. सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याला शब्द सापडेनात. हे कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं, त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. हातालाच ते येत होतं.

“जरा...” तो म्हणाला. “जरा खाली.”

“किती?”

“जरा. न्हाय, परत वर. मूठ न्हवं, टोक.” तो घुटमळला. “आवाज बग. खर्र करतंय तवर न्हाय आली. शिळ्या भाकरीवर सुरी वडल्यागत वाजाया नगं. पान्यातनं... पान्यातनं कापड वडल्यागत वाजाया पायजे.”

“वडा, आत्या,” मुक्ताबाई म्हणाली.

म्हातारीनं वादी ओढली. साण फिरायला लागली. मुक्ताबाईनं डोळे मिटले आणि पटाशी टेकवली. खर्रर्र वाजलं.

“खाली,” महिपती म्हणाला. “आजून खाली. आजून जरा.”